आबा बोलले ते दिवस

मेंदूज्वरातून उठलो त्याला आता दहा-अकरा वर्षं होतील. कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं कुणाच्या घरचं माणूस तसल्या आजारानं आडवं झालं की ते मला गाठतात. आधी गोळ्यांचं विचारतात, मग पथ्याचं, आणि निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, जे विचारायला आलेले असतात ते विचारतात. "सर, डोळे उघडतोय, बघतोय, पण आपण बोललेलं त्याच्यात शिरतंय का काही कळत नाही. बोलून उपयोग असतो का हो?"

मी तत्त्वज्ञान शिकवतो. आमच्या विषयात सरळ उत्तर देणाऱ्याला कच्चा समजतात. पण या एका प्रश्नाचं सरळ उत्तर आपल्याला देता यावं, असं मला फार वाटत आलंय. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन पावसाळे झाले. ते होते तोवर हे लिहिणं जमलं नाही.

फळ्यावरचं अर्धं वाक्य

आमचं गाव मलकापूरच्या पुढं, शाहूवाडीच्या डोंगरात. सगळी भाताची खाचरं. आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. एम.ए. झालो तेव्हा विहारात सभा घेऊन माझा सत्कार केला होता. तत्त्वज्ञान म्हणजे काय, असं कुणीही विचारलं नाही. आपलं पोरगं शिकलंय, म्हणजे चांगलंच काहीतरी शिकलं असणार, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास. तो विश्वास मला अजून पुरतोय.

१९९७ साल, जुलै महिना. कोल्हापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायला लागून मला चार वर्षं झाली होती. चार-पाच दिवस अंगात ताप होता, डोकं ठणकत होतं, पण नवीन वर्ष सुरू झालेलं, रजा कशी मागायची म्हणून तसाच जात होतो. त्या दिवशी अकरावीच्या वर्गावर नेहमीचं उदाहरण लिहायला घेतलं. 'सर्व माणसे' एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द मिळेना. खडू फळ्याला टेकलेला, आणि शब्दाच्या जागी काहीच नाही. पोरं हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत.

हसण्याचा तो आवाज मला आठवतो. इथून पुढचं मात्र सगळं लोकांनी सांगितलेलं आहे. 'सर्व माणसे, सर्व माणसे' असं मी फळाभर लिहीत गेलो म्हणे. मग फिट येऊन टेबलाशेजारी पडलो म्हणे. दोन विद्यार्थ्यांनी रिक्षात घालून नेलं म्हणे. माझ्या आयुष्यातले आठवड्याहून जास्त दिवस असे नुसत्या 'म्हणे'वर उभे आहेत.

निदान झालं तो दिवस म्हणून माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. तो अक्काचा आणि आबांचा दिवस. अक्का माझी थोरली बहीण, कोल्हापुरातच दिलेली. आबा लावणीच्या चिखलातून तसेच एस.टी.त बसून आले होते. गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता, असं अक्का सांगते. दवाखान्याच्या कट्ट्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदूला सूज आहे. औषध सुरू केलंय. दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

आमची आई अशीच गेली होती. असाच जुलै, लावणी चालू, आणि ताप डोक्यात गेलेला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. घरात तिचा फोटो नाही, कारण कुणी काढलाच नव्हता. आबा तिच्याबद्दल एक शब्द बोलत नसत. बोलणं हा मुळात त्यांचा स्वभावच नव्हता. बैलालासुद्धा ते हाताच्या इशाऱ्यानं वळवायचे.

सकाळ, दुपार, संध्याकाळ

तिसऱ्या दिवशी मी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "आता याच्याशी बोलत राहा. ओळखीचा आवाज कानावर पडू दे."

आबांनी विचारलं, "किती येळा?"

डॉक्टर घाईत होते. "जमेल तेवढं. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

आबांनी ते औषधासारखं मनावर घेतलं. पुढं काय झालं ते मला अक्कानं सांगितलं. बरा झाल्यावर पुन्हा पुन्हा मी तिच्याकडून ते ऐकलंय.

"पैल्या दिवशी नुसतं 'आनंदा, ऊठ', 'आनंदा, अक्का आलीया', एवढंच. दुपारपतोर त्येंचं बोलायचं सरलं. मला म्हनत्यात कसं, 'अक्के, संपलं की गं. आता काय बोलू?' मी म्हटलं, लावणीचं बोला. तेवढंच तर येतंय तुमास्नी."

मग आबा लावणीचं बोलायला लागले. भाताची लावण करताना माणूस पुढं जात नाही. वाकून रोप चिखलात खोवायचं आणि एक पाऊल मागं सरायचं. लावलेलं डोळ्यांसमोर राहतं, लावायचं पाठीमागं असतं. आबा तसेच बोलत गेले. आधी यंदाची लावण, मग गेल्या सालची, मग त्याच्या मागची. एकेक वर्ष खोवत मागं मागं. माझा सत्कार झाला तो दिवस, मी होस्टेलवर गेलो तो दिवस, पांढऱ्या बैलाचा पाय मोडला ते साल. ओळीत येणारं काही म्हणून त्यांनी सोडलं नाही.

शेजारच्या खाटेवर गगनबावड्याकडचे एक गृहस्थ होते. गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे काहिलीतला रस शिजून गूळ कधी उतरवायचा ते बघणारा माणूस. लकव्यानं त्यांचं तोंड एका अंगाला ओढलं होतं. ते आबांचे कायमचे श्रोते झाले. आबा चहाला उठले की ते ओरडायचे, "ओ पावणं, बैलाचं अर्धं सोडून कुठं चाललासा? पोराच्या औषधाची येळ झाली की!"

"आणि मी?" मी अक्काला विचारायचो.

"तू ऐकालतास की. चांगला डोळं उघडं ठेवून. मधी हसायचास, मधीच काय तरी इचारायचास. आन पाच मिनिटं झाली की परत, 'आबा, कवा आलासा?' आबा म्हनायचं, 'आत्ताच आलो बाळा.' दिसातनं धा येळा."

असं मागं सरता सरता आबा आईपर्यंत आले. त्या दुपारी अक्का डबा आणायला घरी गेली होती. परत आली तेव्हा आबा बोलत होते आणि मी रडत होतो. "रुमाल मी दिला तुला," अक्का म्हणते. "दारातनंच ऐकालते. मला बघून आबा थांबतील म्हणून आत बी लवकर आले न्हाय. पन लई हळू बोलालते. माझ्या कानावर एवढंच आलं, 'ती आजारी हुती तवा सगळी म्हनाली, निजू दे, बोलू नगा. म्हणून म्या भाईर बसलो. तिच्यासंगं बोलायचं ऱ्हायलंच.'"

पाणी सोडलं

मला आठवणारी पहिली गोष्ट ही. खिडकीतून ऊन आलेलं. हातात सलाईनची सुई, टेबलावर स्टीलचा तांब्या, आणि आबांचा आवाज. ते म्हणत होते, "...आन मग पाणी सोडलं."

मी विचारलं, "कशात?"

आबांनी चमकून माझ्याकडं बघितलं. तसे प्रश्न मी आधीही शेकड्यानं विचारले होते, पण यावेळी माझ्या नजरेत काहीतरी निराळं दिसलं असावं. सांगणं अर्धं टाकून त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" मी म्हटलं, "मऊ भात आणि मुगाचं वरण." त्या हसल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला, आणि मग पंतप्रधान कोण ते विचारलं. मी अडखळलो. शेजारून गुळव्या म्हणाले, "डाक्टर, त्यो सवाल नगा घेऊ. दर सहा म्हयन्याला बदलालाय, मलाबी न्हाय ठावं." सगळा वॉर्ड हसला. डॉक्टर म्हणाले, "आता हे ठेवून घ्यायला लागलेत. उत्तम."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, त्याची घडी घातली, आणि माझ्या पायाशी जाऊन बसले. पोरगं शुद्धीवर आलं होतं. त्यांच्या हिशेबानं औषध पुरं झालं होतं.

पुढचे दिवस वॉर्डाच्या घड्याळावर चालले. पहाटे थर्मामीटर, मग इंजेक्शन, डॉक्टरांची फेरी, दुपारी नातेवाइकांची मोसंबी. हातापायात जोर नव्हता. डोळे मिटायची भीती वाटायची, की मिटले आणि पुन्हा तसाच मोठा तुकडा गेला तर? एक सिस्टर होत्या, त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. ड्यूटी संपवून जाताना त्या मुद्दाम माझ्या खाटेशी थांबून म्हणायच्या, "उद्या मी परत येणाराय. मला ओळखायचं." दुसऱ्या दिवशी ओळखलं की मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं.

गावाकडून माणसं आळीपाळीनं येत होती. आमच्याकडं लावणीला पैरा असतो. आज तुझ्या खाचरात मी राबायचं, उद्या माझ्या खाचरात तू. आबा इथं बसलेले, त्यामुळं त्यांच्या वाटचा पैरा कुणाकडं गेलाच नव्हता. तरी वस्तीनं आमची लावण उरकून टाकली होती. आलेल्यांपैकी एकानं हे सांगितलं तेव्हा आबा नुसती मान हलवून तंबाखू मळत राहिले. सांगणारा म्हणाला, "म्हाताऱ्या, बोलालास म्हणं लई? वॉर्डातली सांगालीत." आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

मग म्या कुणाला सांगितलं?

अक्काकडून कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना. माझ्या जन्मात पहिल्यांदा आबा माझ्याशी माझ्या आईबद्दल बोलले होते, सबंध दुपारभर, आणि ती दुपार माझ्याकडं नव्हती.

दवाखान्यातून सुटल्यावर काही दिवस अक्काकडं होतो. अशाच एका सकाळी, आबा दारात ऊन खात बसले होते तेव्हा मी विषय काढला.

"आबा, दवाखान्यात तुम्ही आईचं सांगितलंसा म्हणं."

"सांगितलं की."

"काय सांगितलंसा?"

"सांगितलं तुला सगळं."

"मला न्हाय आठवत."

"रडलास की तू."

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. नेमकं बोलायची सवय लागलेली. मी म्हटलं, "आबा, रडला त्यो मी न्हवतो. माझं शरीर हुतं तिथं. मी न्हवतो."

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नव्हते. सगळं खाचर लावून वर बघावं आणि खाचर दुसऱ्याचंच निघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग म्या कुणाला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

आबा उठले, पिशवी घेतली, आणि दुपारच्या गाडीनं गावी गेले. त्यानंतर विचारायचा धीर झाला नाही, आणि विचारलं असतं तरी ते बोलले असते असं मला वाटत नाही. त्या दवाखान्यात त्यांनी एकदाच सगळं बाहेर काढलं होतं.

दोन विभाग

तपासणीला गेलो की डॉक्टरांना मी प्रश्न विचारून हैराण करायचो. चांगला माणूस. एकदा त्यांनी माझ्या डोक्याच्या स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. कानाच्या आतल्या बाजूला काळसर डाग दाखवला. "हा भाग सुजला होता. जे घडतं ते पुढं राखून ठेवायचं काम इथं चालतं. जागं असणं, ऐकणं, समजणं, हसणं हे बाकीचा मेंदू करतो. तुमचं ते सगळं चालू होतं. फक्त साठवण बंद होती."

"म्हणजे मी जागा होतो?"

"पूर्ण."

"आबांचं बोलणं मला त्या क्षणी समजत होतं?"

"समजल्याशिवाय रडलात कसे?"

"पण मग तो मी होतो का?"

डॉक्टर हसले आणि फिल्म पाकिटात घातली. "तो प्रश्न तुमच्या विभागाचा, सर. आमच्याकडं सूज उतरवायची सोय आहे."

मग मी माझ्या विभागात शोधायला लागलो. फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू होत्या, सायकल बंद होती, त्यामुळं कॉलेजातून चालत ग्रंथालयात जायचो आणि तिथून चालत रंकाळ्यावर. जे विषय मी परीक्षेसाठी पाठ केले होते ते आता मला माझ्या दुखण्यासारखे वाचावे लागले.

एक मत असं की माणूस म्हणजे त्याच्या आठवणींची साखळी. कालचं मला आठवतं म्हणून कालचा तो मी. वर्गात मी हे किती वेळा शिकवलं होतं. या मतानं बघितलं तर खाटेवर रडणारा माणूस मी नव्हतोच. आबांना मी जे बोललो ते याच मताच्या जोरावर. पुस्तकात ते स्वच्छ दिसतं. दारात ऊन खाणाऱ्या बापासमोर तोंडातून काढलं की कसं दिसतं ते मी पाहिलं होतं.

दुसरं मत माझ्या घरचंच. लहानपणापासून विहारात ऐकत आलो की कायमचा, न बदलणारा असा 'मी' कुठं नाही. क्षण जातो, दुसरा येतो, एकातून दुसरा पेटतो, एवढंच. हे मला तरुणपणी फार आवडायचं. वॉर्डातून आल्यावर भीती वाटायला लागली, कारण मी ते अनुभवून आलो होतो. पण पुन्हा पुन्हा वाचताना एक जाणवलं. या विचारात राखून ठेवण्याला तेवढी किंमत नाही. क्षण टिकला नाही म्हणून तो झालाच नाही असं होत नाही. उलट सगळेच क्षण तसले. मग ती दुपार तरी वेगळी का मानायची?

मेंदूवाल्यांची पुस्तकंही वाचली, समजतील तेवढी. आपण जाण म्हणतो ती एक वस्तू नाही, तिचे पदर सुटे सुटे निघतात, असं ते दाखवतात. कुणाला दिसतं, पण आपल्याला दिसतंय हे कळत नाही. कुणाला आपला हात दुसऱ्याचा वाटतो. माझी जाण शाबूत होती आणि साठवण गेली होती. बाहेरून बघून हे सगळं सांगता येतं. पण बापाच्या तोंडून आईचं नाव ऐकताना आतून कसं वाटलं, हे त्या काळसर डागाच्या फिल्मवर कुठं दिसणार? ते फक्त त्या खाटेवरच्या माणसाला ठाऊक होतं. आणि त्याला मी विचारू शकत नव्हतो.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मी तोंडात ते एकच वाक्य घोळवायचो. आन मग पाणी सोडलं. कुठलं पाणी? कुणी सोडलं? बाकी सगळ्यातून एवढंच माझ्या हाती लागलं होतं. कधी कधी वाटायचं, आजार थोडा आधी उतरला असता तर आईसुद्धा मिळाली असती. मग स्वतःचीच लाज वाटायची. जिवंत राहिलो, एवढं कमी होतं का? पण खरं सांगतो, कमी वाटायचं.

गुऱ्हाळावर

हे सगळं ऐकलेला एक माणूस होता, हे ध्यानात यायला मला हिवाळा उजाडावा लागला. अक्काच बोलली. "आरं, त्या गुळव्यानं तर शब्दन् शब्द ऐकलाय. आबा त्येलाच तर सांगालते निम्मं."

शोधत गेलो. हंगाम चालू होता, चुलाण पेटलेलं होतं, रसाच्या वाफेनं सगळं गुऱ्हाळ भरलेलं. गुळव्या काहिलीजवळ खुर्ची टाकून बसले होते. तोंड बरंच सरळ झालं होतं. मला बघून ओरडले, "आरं, तर्कशास्त्र! पंतप्रधान कोण, सांग बघू!"

वाटीत गरम काकवी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी वाकून काहिलीतल्या रसावर एक नजर टाकली.

"बैलाचं समदं ध्यानात हाय बघ," ते म्हणाले. "पांढऱ्याचा पाय, त्येला खांद्यावर घेतल्यागत घरी आणला ते. तुझ्या आयचं... तवा तुझा बाप हळू बोलालता. मलाबी वाटालतं, हे काय आपण ऐकायचं न्हवं. म्हणून तोंड भिताडाकडं केलं."

माझा चेहरा उतरला असावा.

"थांब की. एक ध्यानात हाय. तुझी आय रातच्याला विहारात शिकाय जायाची. नाव लिवाय आलं तिला, शेवंता. मग लावणीला खाचरात उतरली की पैल्यांदा काय करायची, तर चिखलात बोटानं नाव काढायची. दर साली. तुझा बाप म्हनायचा, कशाला लिवतीस, पुसून जाणार की आता. तर ती म्हनायची, जाऊ दे. लिवलं न्हवं का म्या?" त्यांनी हातानं दाखवलं, बांध उघडल्यासारखं. "आन मग पाणी सोडलं, म्हनला."

माझ्या हातातली वाटी खाली ठेवली गेली.

"काय झालं रं?"

"हे मी ऐकलंय," मी म्हटलं.

"ऐकणारच की. समोर बसलतास."

परत येताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. माझ्या आईची आठवण एका परक्या माणसाच्या डोक्यात इतके महिने राहिली होती, गुळाच्या वासात. आणि तिचं एक टोक माझ्या डोक्यात होतं. दोन्ही जुळली होती. म्हणजे मी तिथं होतो. शुद्धीच्या दाराशी पोचलेला होतो.

खाचरात

चपला घालत विचारणाऱ्या माणसाला मी आता एवढंच सांगतो की बोला. तो ठेवून घेईल का, याची वाट बघू नका. आमच्या आबांनी एकदा वाट बघितली होती, बाहेर बसून.

नंतरही आबा माझ्याशी फार बोलले असं नाही. आईबद्दल वर्षाकाठी एखादं वाक्य, तेही दुसऱ्याच कामात असताना. पण ते कुठून सुरू झालं तेवढं सांगून थांबतो.

पुढच्या जुलैत मी रजा काढून गावी गेलो. आदल्या वर्षी वस्तीनं आमची लावण केली होती, तो पैरा फेडायचा होता. डॉक्टरांनी उन्हातान्हात जाऊ नको म्हटलं होतं, पावसाचं काही म्हटलं नव्हतं. लोकांची खाचरं लावून झाली आणि शेवटी आम्ही आमच्या खाचरात उतरलो. चिखलणी झालेली, चिखल लोण्यासारखा. आबा तरव्यातून, म्हणजे रोपं वाढवलेल्या वाफ्यातून, जुड्या घेऊन आले. अजूनही ते माझ्याशी जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढंच बोलत होते.

मी बांधाच्या कडेला वाकलो आणि बोटानं चिखलात लिहिलं. शेवंता.

आबा दोन पावलांवर होते. जुड्या हातात तशाच. त्यांनी नावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पलीकडच्या खाचरातली माणसं कुणाला तरी मोठ्यानं चिडवत होती.

"ध्यानात हाय व्हय तुला?"

गुळव्यांचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. पण वर्षभर ज्याचं उत्तर मला आलं नव्हतं तो प्रश्न आबांच्या डोळ्यांत अजून तसाच होता, आणि त्याचं उत्तर गुळव्यांकडं नव्हतं.

"मला सांगितलंसा आबा," मी म्हटलं. "मलाच सांगितलंसा."

आबांनी जुड्या बांधावर ठेवल्या. नाक पुसलं. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "त्या हातानं न्हाय. ती डावखुरी हुती."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. अक्कानं नाही, गुळव्यांनी नाही. मी उजव्या हातानं लिहिलेलं पुसलं आणि डाव्या हातानं पुन्हा लिहायला घेतलं. अक्षरं वाकडी आली, एक इकडं, एक तिकडं, पहिलीतल्या पोरासारखी.

आबा वाकून बघत होते. "आता कसं," ते म्हणाले. "अगदी तिच्यागत."

मग त्यांनी खोरं उचललं, बांध फोडला, आणि पाणी सोडलं.